१५वी घटनादुरुस्ती असूनही कृष्णवर्णीयांचा मताधिकार कसा गेला?

प्रश्न: अमेरिकेत १५व्या घटनादुरुस्तीने १८७० मध्येच वर्णावरून मत नाकारायला बंदी आली. मग पुढची ९५ वर्षं दक्षिणेत ते कायद्याने कसं नाकारलं गेलं?

प्रतिसाद १: कायद्यात 'वर्ण' हा शब्दच टाळला. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याची १८९० ची राज्यघटना बघा. मतदानासाठी वर्षाला २ डॉलर पोल टॅक्स (माणशी ठरावीक कर), तोही मागच्या २ वर्षांचा, निवडणुकीच्या वर्षी १ फेब्रुवारीपर्यंत भरलेला हवा. शिवाय घटनेतलं कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा. उत्तर 'समाधानकारक' आहे की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवणार, आणि तो गोराच. खरी मेख इथेच होती.

प्रतिसाद २: यात निरक्षर गोरेही अडकले असते. म्हणून दक्षिणेतल्याच लुइझियाना राज्याने १८९८ मध्ये पळवाट काढली: १ जानेवारी १८६७ पूर्वी वडील-आजोबांना मताधिकार असेल तर परीक्षा माफ. तेव्हा तिथे कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता! त्यांचे नोंदणीकृत मतदार १८९६ मध्ये १,३०,३३४ होते, १९०४ मध्ये उरले १,३४२. सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा राज्यातली अशीच सवलत १९१५ मध्ये रद्द केली, पण बाकीचे अडथळे तसेच राहिले.

प्रतिसाद ३: एकेक खटला लढून भागत नव्हतं, एक नियम रद्द झाला की राज्य दुसरा आणायचं. १९६५ च्या मताधिकार कायद्याने क्रमच उलटवला. ठरावीक राज्यांना नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी सक्तीची झाली. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी सुमारे ७ टक्क्यांवरून २ वर्षांत जवळपास ६० वर गेली. ती राज्यं ठरवण्याचं सूत्र न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केल्यामुळे पूर्वमंजुरी आता लागूच होत नाही, आणि ही फार गंभीर गोष्ट आहे.