मदत हवी आहे: व्होल्टेजने फेज फिरवायला गेलो, सिग्नलच गायब

मंडळी, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अडलाय. ८६६ मेगाहर्ट्झला, म्हणजे आपल्याकडच्या विनापरवाना पट्ट्यात, दोन अँटेना शेजारी ठेवून बीम डावी-उजवीकडे वळवायचाय. एका अँटेनाच्या लाइनमध्ये व्होल्टेजने ९० अंश तरी फेज (लहर किती मागे-पुढे आहे ते) हलायला हवी; लाइनला टांगलेल्या कपॅसिटरची किंमत बदलली की ती हलते.

सरांचा हट्ट: वॅरॅक्टर डायोड (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा, सहसा सिलिकॉनचा) नको, 'मटेरियल' वापरा. व्होल्टेजने तसंच बदलणाऱ्या सिरॅमिकची, बेरियम स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची, फिल्म आम्हाला कोण देणार? मग कळलं, साध्या एक्स-७-आर सिरॅमिक कपॅसिटरमध्येही बेरियम टायटॅनेटच असतं. १० मायक्रोफॅरडचा एक एलसीआर मीटरला (कपॅसिटन्स मोजणाऱ्या) लावून १२ व्होल्ट दिले, किंमत निम्म्याखाली. आम्ही खूश!

बोर्ड १.६ मिमी एफआर-४ (नेहमीचा फायबरग्लासचा), ट्रॅक ५० ओहमचा, ३ मिमी रुंद. दर १५ मिमीवर १०० पिकोफॅरडचा एक्स-७-आर ग्राउंडला, असे सहा. नॅनो व्हीएनए या मोजणी उपकरणावर एस-२१, म्हणजे पलीकडे पोचणारा सिग्नल, थेट तळाला. बायस (कपॅसिटरवरचं डीसी व्होल्टेज) ० ते २५ व्होल्ट फिरवला तरी रेघ ढिम्म. कपॅसिटर काढले की लाइन ठणठणीत. सोल्डरिंग तीनदा तपासलं. शुक्रवारी रिव्ह्यू आहे.

प्रतिसाद: सोल्डरिंगला दोष नको देऊस. १०० पिको म्हणजे ८६६ ला कागदावर जेमतेम १.८ ओहम. १५ मिमी ट्रॅकचा इंडक्टन्स साधारण ४.५ नॅनोहेन्री. त्यावर एवढं ओझं टांगलंस की लाइन राहतच नाही, ४७० मेगाहर्ट्झच्या आसपास तुटणारा लो-पास फिल्टर होतो. ५० मेगाहर्ट्झपासून स्वीप कर (फ्रिक्वेन्सी चढवत मोज), सिग्नल तुटायची कडा दिसेल.

१० मायक्रोवाल्यात सिरॅमिकचा थर फार पातळ, म्हणून १२ व्होल्टही भारी पडतात. १०० पिकोत थर जाड, तो कशाला हलतोय! आणि स्ट्रॉन्शियम उगाच मिसळत नाहीत. बेरियम टायटॅनेटचं क्युरी तापमान (ज्याच्या वर त्याचं कायमचं ध्रुवीकरण मोडतं) १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, स्ट्रॉन्शियमने ते खोलीच्या तापमानाखाली आणलं की हिस्टेरिसिस (आधीच्या व्होल्टेजची आठवण) जातो, लॉसही कमी होतो.

१ ते ४ पिकोचे वॅरॅक्टर घे, ट्रॅक १.२ मिमी कर, म्हणजे ८० ओहमच्या आसपास. लोड पडल्यावर इम्पिडन्स ५८ ते ३७ मध्ये खेळेल, सहा डायोडांत १२० अंश निघावेत.

धागाकर्ता: दादा, स्वीप केला. कडा आहे, पण ३४० ला. ४७० का नाही?

प्रतिसाद: व्हाया (ग्राउंडला जोडणारी भोकं) आणि कपॅसिटरचा स्वतःचा इंडक्टन्स, एखादा नॅनोहेन्री सहज. नव्या बोर्डावर प्रत्येक डायोडला दोन-दोन व्हाया ठोक.

धागाकर्ता: ठोकतो. सिलिकॉनही मटेरियलच असतं, हे सरांना तेवढं तुम्ही सांगाल का?