मदत हवी आहे: ‘डॉक्टर फॉस्टस’मधल्या रॉबिनच्या प्रवेशांचा क्रम

मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ या नाटकाचं मराठी भाषांतर करतोय. पाया १६०४ च्या क्वार्टोचा (क्वार्टो म्हणजे त्या काळची छोट्या आकाराची छापील आवृत्ती). १६१६ च्या क्वार्टोत सुमारे पावणेसातशे ओळी जास्त आहेत आणि १६०२ मध्ये नाट्यगृहाचा मालक हेन्स्लो याने बर्ड व रोली या दोघांना नाटकात भर घालण्यासाठी चार पौंड दिल्याची नोंद आहे, म्हणजे जास्तीच्या ओळी मार्लोच्या नसाव्यात, म्हणून ती आवृत्ती बाजूला ठेवली. ‘फॉस्टसला पश्चात्ताप करता आला तर’ ही ओळही १६०४ चीच घेतली. १६१६ मध्ये तिथे ‘करायचा असेल तर’ होतं, अर्थच पालटतो!

अडलंय एका जागी. १६०४ मध्ये रॉबिन या विनोदी पात्राचे पुस्तकचोरीचा आणि पेल्याचा हे प्रवेश फॉस्टसच्या रोममधल्या प्रवेशानंतर सलग छापलेत. १६१६ मध्ये पुस्तकचोरी रोमच्या आधी येते. दोन्ही पाठ छापायला जागा नाही, तळटीप देता येईल. फक्त क्रम १६१६ चा घ्यावा, की छापलाय तसाच ठेवावा?