गॅसची लाइन, संत्र्याची झाडं अन् हजार फुटांचा बोर

संत्रेवाला: काल इथं एकानं लिहिलं, "पाइप जमिनीखालून जातो, शेत शेतकऱ्याचंच राहतं, वर मोबदला, मग रड कशाची?" भाऊ, पाइपलाइनसाठी जमिनीचा वापरहक्क घ्यायचा 1962 चा कायदा वाचला काय? सातबारा माझ्याच नावानं, पण त्या पट्ट्यात विहीर नाही, तळं नाही, झाड नाही. वापरहक्काचे भेटते जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के. माझी 64 झाडं गेली, ऐन आंबिया बहारातली. झाडांचे पैसे अलग भेटले, खोटं नाही बोलत. पण खोदताना खालचा मुरूम वर आला अन् काळी माती गाडल्या गेली. तिथं आता सोयाबीन वीतभर होते, बाजूच्या तासात गुडघ्याच्या वर. ड्रिपची मेन लाइन तोडली, ठेकेदार "उद्या येतो" म्हणून जो गेला तो गेलाच.

नागपूरकर: ते काल लिहिणारा मीच. मग गॅस टँकरनं आणायचा? आणि पाण्याचं तुम्ही बोलूच नका. भूजल कायद्यात 60 मीटरच्या, म्हणजे जवळपास 200 फुटांच्या खाली गेलं की खोल विहीर, वरूड-मोर्शीत तुम्ही हजार फुटांवर. तो उपसा पाइपलाइननं केला का?

वरूडची: बोरावर येऊ नका. पहिला 800 फूट मारला, नुसता भुकटा उडाला. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा झाला म्हणून दुसरा 950. दीड इंच पाणी, तेही एप्रिलात गुळण्या टाकते. माझी पोत अजून गहाण आहे. हौस म्हणून मारला काय?

कोरडवाहू: ताई, तुमच्या दीड इंचापायी माझी 40 फुटांची विहीर जानेवारीतच उघडी पडते. संत्रावाल्यांचं रडणं ऐकू येते, कपाशीवाल्याचं कोणाले?

संत्रेवाला: काऊन बे, तुझी विहीर मीच आटवली? नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पाले अप्पर वर्धा धरणाचं पाणी दिलं तेव्हा कुठी होता? राज्याच्या 2003 च्या पाणी धोरणात पिण्यानंतर उद्योग अन् मग शेती होती. बोंबाबोंब झाली तेव्हा 2011 त शेतीचा नंबर वर आला.

कोरडवाहू: मोर्चात होतो. तू बगीच्यात पाणी ओलत होता.

नागपूरकर: कोराडीच्या वीज केंद्राला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून जातं. उपाय असतात, नुसती बोंब नाही.

वरूडची: बरं झालं, स्वतःच कबूल केलं. मग नांदगाव पेठले अमरावतीचं सांडपाणी द्या, धरणाचं सोडा.

नागपूरकर: त्याला माझी ना नाही. मुरूम वर आला तेही चूकच, मातीचे थर वेगळे ठेवून तसेच परत भरायला हवे होते. बोराचं मात्र मान्य नाही.

संत्रेवाला: लय उपकार झाले साहेब. आता गाडलेली काळी माती वर काढाले या, फावडं मी देतो.

कोरडवाहू: अन् माझ्या विहिरीचं?