जुना टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड घेतलाय, काना दोनदा उमटतो, कसा दुरुस्त करू?

शब्दवेल्हाळ
नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका झेरॉक्सवाल्या काकांनी दुकान आवरलं, त्यांच्याकडून टीव्हीएस गोल्ड घेतला ७०० रुपयांना. यूएसबीवाला आहे, आतले स्विच निळे चेरी, म्हणजे चेरी कंपनीचे, दाबलं की खटका वाजणारे. मी दिवसभर भाषांतराचं टायपिंग करते, इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरीची कळमांडणी), आणि साध्या मेम्ब्रेन, म्हणजे रबरी पडद्याच्या, कीबोर्डवर बोटं दुखायला लागली म्हणून मुद्दाम हाच शोधत होते. आवाज अगदी तोच, लहानपणी बँकेच्या काउंटरपलीकडून यायचा तो.

पण अवस्था वाईट आहे. बटणांच्या मधे धूळ, केस, स्टेपलरच्या पिना, आणि उजवीकडे कधीतरी चहा सांडून वाळलेला चिकट थर. मुख्य त्रास म्हणजे ई वर काना असतो ना, तो दोनदा पडतो, 'काम' लिहिलं की 'कााम'. डी चं उलटं, हलन्त दहातून तीनदा उमटतच नाही आणि 'शब्द' चा 'शबद' होतो. एंटरशेजारचा ट दाबला की खालीच बसून राहतो, स्पेसबार खडखडतो. कृपया 'नवीन घ्या' सांगू नका, मला हाच हवाय. सोल्डरिंग कधी केलेलं नाही पण शिकेन.

खटका
ताई, चांगली वस्तू हाती लागलीय, घाई करू नका. आधी मोबाईलवर पूर्ण कीबोर्डचा फोटो काढा, बटणं परत लावताना लागतो. बटणं काढायला तारेचा पुलर घ्या, प्लास्टिकच्या रिंगवाल्याने कडेला ओरखडे पडतात. पुलर नसेल तर दोन पेपरक्लिप वाकवून समोरासमोरच्या कोपऱ्यांत अडकवायच्या आणि सरळ वर ओढायचं. स्पेसबार आणि एंटरच्या खाली तार असते, ते झटका देऊन काढू नका, तार सुटते किंवा प्लास्टिकचा हूक तुटतो.

बटणं कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून रात्रभर ठेवा, उकळतं पाणी नको, वाकडी होतील. मग एक दिवस पूर्ण वाळू द्या, आत त्या अधिकच्या चिन्हासारख्या खाचेत पाणी अडकून राहतं ते दिसत नाही. खालची धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने, कीबोर्ड उलटा धरून. बटणांवर जी चकाकी आलीय ती मात्र जाणार नाही, प्लास्टिक बोटांनी घासूनच तसं होतं.

कथील
वरचं सगळं बरोबर. आता ई आणि डी चं बघू.

या स्विचमध्ये सोन्याचा मुलामा असलेले दोन बारीक संपर्क असतात. बटण वर असताना दांड्याचा (ज्यावर बटण बसतं तो) एक पाय आतल्या धातूच्या पत्रीला लांब ढकलून धरतो, बटण साधारण २ मिलिमीटर खाली गेलं की पाय सरकतो आणि पत्री येऊन टेकते. त्या टेकण्याच्या जागी धुळीचा किंवा चहाचा पापुद्रा बसला की कधी टेकत नाही, कधी थरथरत दोनदा टेकते. म्हणजे तुमचा 'शबद' आणि 'कााम' बहुतेक एकाच दुखण्याचे आहेत. ई तर सगळ्यात दमलेलं बटण असणार, इंग्रजीतही तेच अक्षर सगळ्यात जास्त लागतं आणि मराठीत तिथेच काना.

केबल काढा. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल सिरिंजमध्ये घ्या, खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस नको. दांडा दाबून धरून फटीत दोन थेंब सोडा आणि शंभरेक वेळा दाबा. चहावाल्या ट ला दोनतीनदा करावं लागेल. तासदोन तास वाळवून मग टेस्ट करा.

नाहीच सुटलं तर स्विच बदलायच्या आधी एक करा, उघडून बोर्डच्या मागे त्या स्विचचे दोन टाके (सोल्डरचे जोड) शोधा, केबल लावून चिमट्याने ते दोन जोडा. प्रत्येक वेळी अक्षर नीट एकदाच येत असेल तर स्विच गेलाय. येतच नसेल तर बोर्डवरची वाट तुटलीय, मग स्विच बदलून उपयोग नाही.

आणि नवीन स्विच शोधत फिरू नका. स्क्रोल लॉक बघा, कोणी आयुष्यात दाबलेलं नसतं, स्विच मात्र तोच. दोन्ही काढा आणि अदलाबदल करा. आधी टाक्यावर थोडं नवीन सोल्डर द्या, जुनं त्याने पटकन वितळतं, मग सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा. गन ३५० डिग्री, एका टाक्यावर तीनेक सेकंदांपेक्षा जास्त नको, पॅड (टाक्याखालची तांब्याची चकती) उखडला तर त्रास वाढेल. आधी एखाद्या भंगार रेडिओच्या बोर्डवर हात बसवा.

कोकणी_कळ
एकच सांगते, स्विचमध्ये तेल टाकू नका. मी शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं, आठवडाभर मऊ वाटलं, नंतर सगळी धूळ त्यालाच चिकटली आणि निळ्या स्विचचा तो खटका पण मेला. खडखडणाऱ्या स्पेसबारला फक्त तारेच्या दोन टोकांना काडीने डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा, तांदळाच्या दाण्याएवढं, जास्त नको.

शब्दवेल्हाळ
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. धुतलेल्या पाण्याचा रंग सांगण्यासारखा नव्हता. डी अल्कोहोलने पहिल्याच फेरीत सुटला, ट ला चार फेऱ्या लागल्या. ई नाही सुटला. चिमट्याची टेस्ट केली, प्रत्येक वेळी एकच काना आला, म्हणजे स्विचच. मग शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे बसून दोन संध्याकाळी जुन्या बोर्डवर सराव केला आणि रविवारी स्क्रोल लॉकचा स्विच ई ला लावला. पंपाने एक टाका पूर्ण निघत नव्हता, कथीलनी सांगितलं तसं नवीन सोल्डर दिलं आणि एका झटक्यात निघाला.

आता ई चा आवाज बाकीच्यांपेक्षा किंचित कडक येतो, शेजारचा डब्ल्यू आणि आर दाबून बघितलं की फरक कळतो. हे सगळं त्यावरच टाइप केलंय, एकही काना खोडावा लागला नाही. स्पेसबारचं ग्रीस कालच कुरिअरने आलं, ते आज रात्री लावते.