मदत हवी आहे: पळण्यासाठी ॲप कोणतं? घरात पळणारे दोघं, गरजा वेगळ्या

कृषी_कॉलनी (परभणी)

नमस्कार मंडळी. शाळेत शिकवतो, पन्नाशी जवळ आलीय. साखर काठावर आली म्हणून चालायला लागलो आणि हळूहळू पळायची गोडी लागली. पहाटे वसंतराव नाईक कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पाच-सहा किलोमीटर होतात. हिवाळ्यात एखादी १० ची शर्यत करावी, जमलंच तर पुढं कधीतरी २१ ची, असं डोक्यात आहे.

दुसरा पळणारा म्हणजे भाचा. पोलीस भरतीच्या तयारीसाठी गावाकडून आमच्याकडं राहायला आलाय. त्याला १६०० मीटर मारायचंय.

फोनमध्ये सध्या एक ॲप आहे. नाव घेत नाही, कारण दोष त्याचा की फोनचा तेच कळंना. कधी बरोबर मोजतंय, तर कधी मधला तुकडाच गायब. नकाशात बघावं तर मी रस्ता सोडून ज्वारीच्या प्लॉटमधून सरळ उडत गेलेला दिसतो. भाच्याचं तर आणखीनच. मैदानावर फोन हातात धरून पळत होता. चौथ्या फेरीत फोनवर १.६० आलं तेव्हा पोरगं अजून शेवटच्या वळणावर, फक्कीची रेघ पन्नासेक पावलं पुढं. ते तिथंच थांबलं आणि "मामा, ५:२० आली!" म्हणून नाचायला लागलं. आता याला काय सांगावं?

फोन साधा अँड्रॉइड. घड्याळ नाही, घ्यायचा विचारही नाही. महिन्याला पैसे भरायची तयारी नाही. स्ट्रावा, नायकी रन क्लब, आदिदास रनिंग, रनकीपर अशी नावं कानावर येतात. कुणी वापरायलंय का? दोघांना एकच चालेल का?

टेकडीवाला (छत्रपती संभाजीनगर)

सर, ॲप बदलायच्या आधी फोनची सेटिंग बघा. तुकडा गायब होणं आणि नकाशावर सरळ रेघ ही बहुतेक वेळा बॅटरी वाचवायच्या सेटिंगची करामत असते. स्क्रीन बंद झाली की फोन मागं चालू असलेलं ॲप झोपवून टाकतो. तुम्ही फोन उघडला की ते जागं होतं, आणि जिथं झोपलं तिथून जिथं उठलं तिथपर्यंत सरळ रेघ ओढून मोकळं होतं.

सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ते ॲप, त्यात बॅटरी. तिथं 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' करा. लोकेशनला 'प्रिसाइज' चालू पाहिजे आणि पॉवर सेव्हर बंद. दारातून निघाल्या निघाल्या स्टार्ट दाबू नका. उघड्यावर उभं राहून जीपीएस पकडू द्या, मग पळा. मोजणीला नेट लागत नाही, उपग्रह पुरतात. नेट बंद असलं तर पहिल्यांदा पकडायला जरा वेळ जातो, एवढंच.

चढाचा आकडा मात्र सोडून द्या. जीपीएसला आडवं अंतर जितकं कळतं तितकी उंची कळत नाही. आम्ही गोगाबाबा टेकडी सगळे बरोबर चढतो आणि खाली आल्यावर ज्याच्या त्याच्या फोनात टेकडी वेगळ्याच उंचीची असते.

मैदानावरचा_दादा (बीड)

भाच्याचं ॲप काढून टाका. भरतीची पोरं पळवतो म्हणून सांगायलो.

१६०० ला पोरांना पूर्ण २० गुण पाहिजे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० च्या मैदानावर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. सेकंदा-सेकंदाचा हिशोब असतो तिथं फोनचं जीपीएस कामाचं नाही. त्याचा प्रत्येक बिंदू काही मीटर इकडंतिकडं पडतो, ते वाकडेतिकडे बिंदू जोडत गेलं की अंतर फुगतं. गोल मैदानावर जास्तच. वर पोरगं बाहेरच्या अंगानं पळत असलं तर खरंच जास्त पळतंय. आठव्या लेनची फेरी पहिलीपेक्षा ५३ मीटरनं मोठी असते.

शाळेत पीटीच्या सरांकडं मोजायचा टेप असेलच. मैदान आतल्या कडेनं मोजा, दर २०० वर फक्कीची खूण करा आणि साध्या स्टॉपवॉचवर लॅप घ्या. प्रत्येक २०० ला ३८-३९ सेकंद. पोरं पहिले २०० बत्तिसात मारतात आणि तिसऱ्या फेरीत बसतात. सगळा खेळ तिथं आहे.

आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत काढली, म्हणजे किलोमीटरला २:५२. हे पोरांना सांगितलं की पोरं पहिली फेरी साबळेच्या वेगानं मारतात. भरती होईपर्यंत सांगू नका.

कृषी_कॉलनी

दादा, पटतंय. पण मैदान नसतं त्या दिवशी त्याला माझ्याबरोबर रस्त्यावर लांब पळवतो. तिथं काय?

मैदानावरचा_दादा

तिथं कोणतंही चालतंय. पाच किलोमीटरचं पाच पॉइंट एक दिसलं तर काही बिघडत नाही. बोलत बोलत पळता आलं पाहिजे, वेग तेवढाच ठेवा. त्याला पुढं पळू देऊ नका.

लातूरकरीण

सरांसाठी सांगते. तयार आराखडा हवा असेल तर नायकी रन क्लब बघा. पैसे लागत नाहीत, १० आणि २१ किलोमीटरचे आराखडे आहेत. कानात कोच बोलतो, पण सगळं इंग्रजीत. मला आवडतो, माझ्या नवऱ्याला डोकेदुखी वाटते. स्ट्रावात अंतर, वेळ, नकाशा आणि ओळखीच्यांची शाबासकी फुकटात मिळते. सेगमेंटचे, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कोण किती वेगानं पळालं त्याचे, पूर्ण तक्ते २०२० पासून पैसे भरणाऱ्यांनाच आहेत.

पण स्ट्रावा घेतलं तर पहिल्याच दिवशी प्रायव्हसीत जा. मी रोज एकाच वेळी एकाच रस्त्यानं पळते, माझं दार कुठं उघडतं हे नकाशावर जगाला दिसायची गरज नाही. सुरुवात-शेवट लपवायची सोय आहे, पूर्ण रन फक्त आपल्यापुरता ठेवायचीसुद्धा आहे. २०१८ मध्ये त्यांच्या जागतिक हीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांचे पळायचे रस्ते एकत्र दाखवणाऱ्या नकाशावर, सैनिकी तळांमधले पळायचे रस्ते उघडे पडले होते. त्यांचं तसं, तर आपण कोण?

आणखी एक. आराखड्याला आपला मे महिना ठाऊक नसतो. त्यात लिहिलेला वेग उन्हाळ्यात गाठायच्या मागं लागू नका, नुसता वेळ धरा: चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं, अंतर कितीही होवो. साखरेची गोळी चालू असेल तर किती आणि कधी पळायचं ते डॉक्टरांशी बोलून घ्या, खिशात ग्लुकोज असू द्या.

गोदाकाठ (नांदेड)

ओपनट्रॅक्सचं नाव कुणीच घेतलं नाही का? खातं काढायचं नाही, जाहिरात नाही, ॲप इंटरनेटची परवानगीच मागत नाही. तुमची नोंद तुमच्या फोनात, पाहिजे तेव्हा जीपीएक्स फाईल (पळालेल्या रस्त्याची नोंद) काढून घ्यायची. मी तेच वापरायलोय. नकाशा बघायला दुसरं ॲप जोडावं लागतं, आराखडा-बिराखडा काही नाही, आणि 'छान पळालात' म्हणायला कुणी येत नाही. त्याचा नाद असेल तर लातूरच्या ताई म्हणतात तेच घ्या.

कृषी_कॉलनी

सगळ्यांचे आभार. बॅटरीची सेटिंग बदलली, आज नकाशात रस्त्यावरच होतो, प्लॉटात गेलो नाही. म्हणजे जुन्या ॲपवर उगाच राग काढला म्हणायचं. आराखड्यासाठी नायकीचं घेतलंय. भाच्याला टेप लावून मैदान मोजून दिलं, खरी वेळ ५:४६ निघाली. सकाळपासून माझ्याशी बोलंना.

आता एक राहिलं. फोन दंडाला बांधायचा पट्टा घामानं घसरतो. कंबरेचा कुणी वापरायलंय का?

लातूरकरीण

कंबरेचाच घ्या. ताणला जाणारा, चेनवाला कापडी. हुकाचा नको, तो गोल फिरून पाठीवर जातो. पावसाळ्यात फोन आधी धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालायचा, मग पट्ट्यात.