दहा मिनिटं त्यांची, मग घाई तुम्हाला का?

पटावरचं_प्यादं
माझे बाबा ६८ वर्षांचे, एसटीतून रिटायर. डेपोत जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ खेळायचे आणि बरे खेळायचे. दिवाळीत मी त्यांना टॅबवर अ‍ॅप टाकून दिलं, दहा मिनिटांचा डाव कसा लावायचा ते शिकवलं. म्हणजे दोघांना दहा-दहा मिनिटं, ज्याची आधी संपली तो हरला. आता रोज सकाळी आंघोळ झाली की बसतात, टॅब उशीला टेकवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडाने बोलत बोलत खेळतात, "हत्ती इथं आला की तो उंट काढणार, मग आपला घोडा..." बोट मात्र स्क्रीनच्या वर दोन इंच नुसतं तरंगत असतं, कारण एकदा वजीर चुकून भलत्याच घरात टेकला होता त्याची धास्ती अजून गेलेली नाही.

परवा मी शेजारीच होतो. बाबांकडे एक अख्खा हत्ती जास्त, घड्याळात पावणेचार मिनिटं शिल्लक, सरळ जिंकलेला डाव. समोरच्याचं चॅटमध्ये चालू. आधी चार प्रश्नचिन्हं, मग "अंकल सो गए क्या" (आयडीच्या शेवटी ५७ आहे, त्यावरून वय ताडलं असणार), मग घोरणाऱ्या तोंडांची रांग. बाबांनी डाव सोडून दिला! मी म्हटलं अहो काय केलंत, तर म्हणे, "तो केव्हाचा ताटकळलाय रे, बरं नाही दिसत." मग मी त्यांचे जुने डाव उघडून बघितले, महिन्याभरात जिंकत असताना सोडलेले अकरा डाव सापडले.

माझं म्हणणं एवढंच की ती दहा मिनिटं त्यांची आहेत, फुकट मागितलेली नाहीत. समोरच्याने थोडा दम धरला तर काय बिघडतं?

टिकटिक_ताई
चॅटमधलं वागणं घाणेरडं, त्यात वादच नाही. पण "दम धरा" हे मला पटत नाही. घड्याळ कशासाठी असतं? कुणाला कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहायला लागू नये म्हणूनच ना. काकांना दहा मिनिटं आहेत, त्यांनी नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंद एकाच चालीवर घालवावीत, माझा काही आक्षेप नाही, आणि दहावं मिनिट संपलं की मी जिंकले, त्यांचाही नसावा. मी तीन मिनिटांचे डाव खेळते. वजीर गमावून बसलेय आणि समोरच्याची वेळ संपली, असे कितीतरी डाव जिंकलेत आणि मला त्याची शष्प लाज वाटत नाही.
चॅट बंद करून टाक, प्रश्न मिटला.

पटावरचं_प्यादं
चॅट कालच बंद केलं. तरी मधेच विचारतात, "तो काही म्हणाला का रे?"

उंट_तिरका
ताई, चॅट हा एक भाग झाला. मला उलट बाजूचा राग जास्त आहे. मागच्या आठवड्यात एकाला दोन चालींत मात होती, अगदी शाळेतल्या पोराला दिसेल अशी, तर तो पठ्ठ्या सात मिनिटं शिल्लक असताना तसाच बसून राहिला. हलवेना, सोडेना. मी भांडी घासून आलो तरी बसलेलाच. शेवटच्या दहा सेकंदात चाल केली, मला वाटतं मी उठून गेलो असेन या आशेवर. याला पण दम धरून सौजन्य दाखवायचं का? लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर वारंवार असं केलं तर काही वेळ नवा डावच लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

पटावरचं_प्यादं
तो चिडका, माझे बाबा विचार करतायत. फरक आहे.

उंट_तिरका
तुला आहे कारण तू शेजारी बसलायस. मला स्क्रीनवर काय दिसतं? घड्याळ उतरतंय एवढंच. समोर पट मांडून बसलो तर कळतं की माणूस कपाळ चोळतोय, चष्मा पुसतोय की मुद्दाम छताकडे बघत बसलाय. इथे विचार करणारा, नेट गेलेला आणि रुसून बसलेला तिघंही एकसारखेच दिसतात. म्हणून लोक भडकतात. मी नाही भडकत, मी भांडी घासतो.

जुनी_वही
हे भांडण ऑनलाइनचं नाही हो, घड्याळाच्याही आधीचं आहे. १८५१ ला लंडनमध्ये पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा वेळेची मर्यादाच नव्हती. हॉवर्ड स्टॉन्टन म्हणजे त्या काळचा दादा माणूस, आज आपण ज्या आकाराच्या सोंगट्या वापरतो त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. तिसऱ्या नंबरच्या लढतीत त्याला एलिजा विल्यम्सने हरवलं, आणि विल्यम्स किती हळू खेळतो यावर स्टॉन्टनने केवढा तरी त्रागा केला. पुढे वाळूची घड्याळं आली, १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचं घड्याळ आलं. थोडक्यात, हळू खेळणाऱ्याला शिव्या देऊन दमल्यावर लोकांनी घड्याळ काढलं, आणि आता घड्याळ असूनही शिव्या चालूच आहेत.

टिकटिक_ताई
विल्यम्स जिंकला म्हणून स्टॉन्टनला त्याचा हळूपणा दिसला, हरला असता तर बोललाही नसता, पैज :)

झोन_आला_पळा
तुमचं दोघांचं काम आहे म्हणून बरं चाललंय, आमच्या बीजीएमआयमध्ये (मोबाइलवरचा लढाईचा गेम) चौघांची टीम असते आणि एक जण हळू असला की बाकी तिघांचा जीव जातो. माझा मावसभाऊ गावाकडून खेळतो, फोन जुना, नेट कधी येतं कधी जातं, आम्ही उतरून घरंबिरं लुटून झाली तरी हा अजून हवेतच. झोन (हळूहळू सरकत येतो, त्यात अडकलं की मरायचं) मागून येतोय आणि हा म्हणतोय थांबा ना, माझं दार उघडत नाहीये. अनोळखी पोरं टीममध्ये असली की माइकवर "नूब नूब" (म्हणजे नवशिक्या) सुरू, एकदा तर तो पडलेला असताना दहा पावलांवरचा एक जण उचलायलाच गेला नाही, वर हसला. त्यानंतर तो तीन आठवडे आलाच नाही खेळायला.

पण मी खोटं कशाला बोलू, रँक चढवायची असेल तेव्हा मी पण त्याला घेत नाही. तोंडावर सांगितलंय, रात्री नऊनंतर रँक, तेव्हा नाही, संध्याकाळी टाइमपास, तेव्हा ये, तेव्हा तुझ्यासाठी झोनमध्ये मरायला पण तयार. त्याला वाईट वाटलं असेल थोडं. पण संध्याकाळी सातला न चुकता येतो.

सावकाश_गाडी
झोनवाल्याचं मला पटलं. आधी सांगून टाकणं वेगळं आणि आत घेऊन मग हिणवणं वेगळं. मी स्वतः हळू आहे, मनगटाचं दुखणं आहे, माउस धरून बारीक हालचाल पटकन होत नाही. लोकांना वाटतं आम्हाला लाड हवेत. अहो लाड नकोत, फक्त दर पाच सेकंदाला प्रश्नचिन्ह पाठवू नका, ते वाचण्यात पण माझे दोन सेकंद जातात.

प्यादं, तुझ्या बाबांना पंधरा-दहा लावून दे. पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढतात. चाळीस चाली झाल्या की सहा मिनिटं चाळीस सेकंद वरून मिळालेली असतात. असं चालीगणिक वेळ वाढवणाऱ्या घड्याळाचं पेटंट बुद्धिबळाचा जगज्जेता बॉबी फिशरने घेतलं होतं, १९९२ ला जुना प्रतिस्पर्धी स्पास्कीशी परत खेळला तेव्हा तेच घड्याळ वापरलं. फिशर कुणावर दया करणारा माणूस नव्हता, तरी त्याला हे सुचलं.
आणि लिचेसवर समोरच्याला पंधरा सेकंद देण्याचं बटण पण असतं. मला एकदोघांनी दिलेत. बरं वाटतं.

पटावरचं_प्यादं
ते बटण! त्याची गंमत सांगतो. काल बाबांना कुणीतरी दिले पंधरा सेकंद. त्यांना कळेना घड्याळ वर कसं गेलं, मी समजावलं की समोरच्याने तुम्हाला वेळ दिला. मला वाटलं खूश होतील. चष्मा काढून ठेवला, म्हणाले, "मी मागितला होता का? डेपोत कुणी मला चाल परत घेऊ दिली नाही, मीही कुणाला दिली नाही." आणि तो डाव इतक्या रागाने खेळले की जिंकले.

टिकटिक_ताई
काका माझ्या पार्टीतले निघाले!! मी काय म्हणत होते पहिल्यापासून?

सावकाश_गाडी
हो पण हेच काका "बरं नाही दिसत" म्हणून अकरा डाव सोडून बसलेत. दिलेले सेकंद नकोत आणि स्वतःचे वापरायला लाज, असं कसं चालेल. मला वाटतं आपल्याकडे त्या पिढीला कुणाला ताटकळत ठेवणं म्हणजे पापच वाटतं. माझी आजी रिक्षावाला दारात थांबला की चपला हातात घेऊन पळायची.

उंट_तिरका
आणि घाई करणाऱ्यांना हे बरोब्बर माहीत असतं. ते प्रश्नचिन्ह कंटाळा आला म्हणून नसतं कधीकधी, हत्ती गेलाय म्हणून असतं. ताई, वेळ संपवून जिंकणं ठीक, ते नियमात आहे. पण समोरच्याला ओशाळं करून डाव सोडायला लावणं? ते पण ठीक?

टिकटिक_ताई
नाही. ते नाही ठीक. ते मी आधी धरलंच नव्हतं, मी फक्त घड्याळाचं बोलत होते.
प्यादं, काकांचा आयडी मेसेजमध्ये पाठव. खेळते मी त्यांच्याशी, पंधरा-दहा. पण आधीच सांगते, वेळ संपली तर पॉइंट सोडणार नाही.

पटावरचं_प्यादं
सोडू नकोसच, कळलं तर परत खेळणार नाहीत तुझ्याशी. आत्ता झोपलेत. साडेचारला चहा होतो, पावणेपाचला बस.