आईच्या रेकॉर्डिंगसाठी बॅकअप सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

शब्दवेडी

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर आईचा आवाज आहे. शेवटची दोन वर्षं ती जसजशी आठवणी सांगत गेली तसतशी मी रेकॉर्ड करत गेले. ४१ फाइली, सगळ्या मिळून ३८ तास, वेव्ह फॉरमॅट, म्हणजे साधारण २४ जीबी. आता रोज थोडं थोडं ऐकून ते कागदावर उतरवतेय.

दर रविवारी तो अख्खा फोल्डर मी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करायचे आणि विचारलं की 'रिप्लेस' म्हणायचे. शिवाय तोच फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक केलेला आहे. तीन ठिकाणी आहे म्हटल्यावर मी निर्धास्त होते.

काल १७ नंबरची फाइल लावली. ५२ मिनिटांचं रेकॉर्डिंग, पण चार मिनिटं वाजून बंद पडलं. प्लेयर बिघडला असेल म्हणून दुसऱ्यात लावून पाहिलं, तिथेही तेच. मग साइज पाहिली: ४२ एमबी. जवळपास तेवढ्याच लांबीची १८ नंबरची फाइल ५५० एमबीची आहे. फाइलवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, आणि तेव्हा मला आठवलं. एक शब्द नीट लागत नव्हता म्हणून चार मिनिटांचा तुकडा कापून पुन्हा पुन्हा ऐकत होते. तोच तुकडा मूळ नावाने सेव्ह झाला. रविवारी हार्ड डिस्कवरही तोच गेला. ड्राइव्हवर तर त्या आधीच गेला असणार.

हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. विंडोज ११ आहे, आत ५१२ जीबीची एसएसडी, बाहेरची डिस्क १ टीबीची. रेकॉर्डिंग डी ड्राइव्हवर आहेत. फाइल हिस्ट्री, डुप्लिकाटी, कोपिया, रेस्टिक, व्हीम अशी नावं वाचली. कमांड टाइप करत बसणं मला झेपणार नाही. यातलं कोणतं घेऊ?

निशिगंध

ताई, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी हे करा, आत्ता लगेच. ब्राउझरमध्ये गूगल ड्राइव्ह उघडा, १७ नंबरच्या फाइलवर राइट क्लिक करा आणि फाइलच्या माहितीत 'मॅनेज व्हर्जन्स' शोधा. अशा फाइलीची जुनी आवृत्ती ड्राइव्ह ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंत ठेवतो. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणजे थोडेच दिवस हातात आहेत. सापडली तर डाउनलोड करून वेगळ्या नावाने ठेवा. तोवर मूळ फाइलीला हातसुद्धा लावू नका.

जुना_कीबोर्ड

निशिगंध म्हणतात ते आधी करा, मग हे वाचा.

तुमच्याकडे तीन जागा होत्या, पण तिन्हीकडे आजचीच प्रत होती. चूक झाली की ती तिन्हीकडे पोचणार, कारण कॉपी आणि सिंक यांचं कामच ते. बॅकअप सॉफ्टवेअर घ्यायचं ते 'तीन आठवड्यांपूर्वी ही फाइल कशी होती' हे दाखवण्यासाठी. ज्याला ते जमत नाही ते यादीतून काढा, बाकी त्यात कितीही सोयी असोत.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी पोळलोय. दीड वर्ष माझा बॅकअप रोज रात्री चालायचा आणि सकाळी हिरवी खूण दिसायची. मधल्या काळात मी कामाचं फोल्डर डॉक्युमेंट्समधून डी ड्राइव्हवर हलवलं होतं. डिस्क गेली, बॅकअप उघडला, तर त्या फोल्डरमध्ये हलवलेल्या दिवसापर्यंतचंच काम. प्रोग्रॅमचा दोष नव्हता, सांगितलं होतं तेवढं त्याने इमानाने केलं होतं. मी त्या दीड वर्षात एकदाही एक फाइल परत काढून पाहिली नव्हती. अकरा महिन्यांचं काम गेलं.

म्हणून मी सॉफ्टवेअर उलट्या बाजूने निवडतो. लॅपटॉप हरवला आहे असं धरायचं. हातात फक्त बाहेरची डिस्क आणि दुसऱ्या कुणाचा तरी संगणक. १७ नंबरची फाइल कशी काढाल?

विंडोजमध्येच येणाऱ्या फाइल हिस्ट्रीत हे सगळ्यात सोपं. डिस्कवर साध्याच फाइली असतात, नावापुढे तारीख आणि वेळ लावलेली, त्यामुळे कुठल्याही संगणकावर एक्सप्लोररमध्ये दिसतात. दर तासाला बदल टिपते, आणि सेटिंग बदललं नाही तर जुन्या प्रती टाकून देत नाही. पण तुमच्यासाठी मोठी अडचण ही की ती मुळात लायब्ररी (विंडोजमधल्या डॉक्युमेंट्स, म्युझिक वगैरे फोल्डरांच्या याद्या) आणि डेस्कटॉप एवढंच बघते. डी ड्राइव्हवरचं फोल्डर लायब्ररीत घातल्याशिवाय तिच्या लेखी ते नाहीच.

डुप्लिकाटी चांगलं आहे, ब्राउझरमधून चालतं, एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला बॅकअप वाचता येत नाही. मात्र ते कामासाठी संगणकावर स्वतःचा एक डेटाबेस ठेवतं. लॅपटॉपच गेला तर नव्या मशीनवर तो बॅकअपमधून पुन्हा उभा करावा लागतो आणि बॅकअप मोठा असेल तर तिथे बराच वेळ जातो.

रेस्टिक मी स्वतः वापरतो, माझा त्याच्यावर जीव आहे, पण सगळं कमांडवर. तुम्हाला नको.

व्हीमचा फुकट एजंट पूर्ण संगणकाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घेतो, विंडोजसकट. एसएसडी मेली तर यूएसबीवरून बूट करून (संगणक तिच्यावरूनच सुरू करून) सगळं जसंच्या तसं परत येतं. अट एकच, ती यूएसबी आधी बनवून ठेवायची आणि तिच्यावरून एकदा बूट करून बघायचं. तुमचं दुखणं मात्र एका फोल्डरचं आहे, इमेज नंतर घेतली तरी चालेल.

राहिलं कोपिया. तुमच्यासाठी मी हेच सुचवेन. खिडकी उघडून चालवता येतं, फोल्डर कुठलंही निवडता येतं, प्रत्येक वेळी फक्त बदललेला भाग साठवतं. त्यामुळे २४ जीबीच्या शंभर आवृत्त्या ठेवल्या तरी २४०० जीबी लागत नाहीत. जुन्या प्रती किती ठेवायच्या ते त्याच्या 'पॉलिसी' नावाच्या सेटिंगमध्ये असतं. तिथे मासिक आणि वार्षिक आकडे सढळ हाताने वाढवा, तुमच्या फाइली फारशा बदलणाऱ्या नाहीत. शिवाय ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, एकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती एके काळी सगळे डोळे झाकून सुचवायचे, मीही. ती कंपनीने बंद केली. आईचा आवाज वीस वर्षांनी उघडायचाय, हे निवडताना लक्षात असू द्या.

आणि एक, मूळ ४१ फाइली 'रीड-ओन्ली' करा. तुकडे कापायचे ते कॉपीवर.

दवबिंदू

वरच्या सगळ्याला अनुमोदन, दोन गोष्टी जोडते. कोपियाचा पासवर्ड हरवला तर बॅकअप गेलाच, परत मिळवायची सोय नाही. तो कागदावर लिहून लॅपटॉपपासून लांब ठेवा आणि घरातल्या एकाला सांगा.

दुसरं, बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. जमलं तर दुसरी डिस्क घेऊन दुसऱ्या घरी ठेवा. ३-२-१ म्हणतात ते हेच: तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत बाहेर.

शब्दवेडी

सापडली! ड्राइव्हवर जुनी आवृत्ती होती, पूर्ण ५२ मिनिटं. डाउनलोड होईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. निशिगंध, तुमचे आभार कसे मानू.

कोपिया घातलं. पहिला बॅकअप झाल्यावर जुना_कीबोर्ड यांनी सांगितलं तसं केलं: लॅपटॉप बंद केला, डिस्क घेऊन भावाकडे गेले, त्याच्या संगणकावर कोपिया घातलं आणि वहीतला पासवर्ड टाकला. दोनदा चुकला, कारण वहीतला शून्य मी 'ओ' वाचत होते. तिसऱ्यांदा उघडलं. १७ नंबरची फाइल त्याच्या डेस्कटॉपवर काढली, साइज बरोबर.

मग आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत ऐकली. बेचाळिसाव्या मिनिटाला आई बोलता बोलता थांबते आणि म्हणते, "हे दादाला सांगू नकोस." भाऊ मोठ्याने हसला. तो भाग मी अजून उतरवलेला नव्हता. पासवर्ड आता त्याच्याकडेही आहे आणि दुसरी डिस्क त्याच्याच कपाटात राहणार आहे.

एक शंका आहे: रीड-ओन्ली केलेल्या फाइलींची नावं बदलली तर कोपिया त्या पुन्हा पूर्ण साठवेल का?

जुना_कीबोर्ड

नाही. आतला मजकूर तोच असेल तर तो पुन्हा साठवला जात नाही, फक्त नवं नाव नोंदलं जातं. बिनधास्त बदला.